पिंग होतोय, पण प्रिंटर सापडत नाही : दोष नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत छोटं युनिट, वर ऑफिस, खाली शॉप. इंटरनेटवाल्याचा फायबरचा डबा वर आहे. खाली वाय-फायची रेंज येईना म्हणून वरून केबल खाली आणून दुसरा राउटर लावला आणि दोन्हीकडच्या वाय-फायला एकच नाव, एकच पासवर्ड दिला. इंटरनेट दोन्हीकडे झकास चालतं. पण वरचा प्रिंटर खालच्या पीसीला यादीत सापडत नाही, पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघायची चाचणी) मात्र होतो. खालच्या पीसीवरचं बिलिंग वरून उघडत नाही. मोबाईलवरून प्रिंट कधी जाते, कधी नाही. गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाऊन आली की चालत होतं तेही बंद पडतं. एका व्हेंडरने लेअर थ्री स्विचचं (दोन नेटवर्क्स जोडू शकणाऱ्या स्विचचं) कोटेशन दिलंय, तर तो घ्यावा का?

घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. तो स्विच वाईट आहे म्हणून नव्हे, तर तुमच्या पहिल्या तक्रारीवर त्याचा काही उपयोग होणार नाही म्हणून. का ते पुढे सांगते.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची नेटवर्क्स बघणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि तुमच्यासारखी रचना मला सतत भेटते. तिथे दर वेळी ‘नेटवर्क वीक आहे’ असं एकच मोघम निदान झालेलं असतं. खरं तर एखादी सेवा वापरताना तीन वेगळी कामं होतात. ती सेवा कुठे आहे हे आधी कळावं लागतं. मग तिथपर्यंत पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, जाऊन परत यावं लागतं. आणि शेवटी तिथल्या प्रोग्रॅमने आपली विनंती घेऊन उत्तर द्यावं लागतं. या तिन्ही कामांचे प्रोटोकॉल (बोलण्याच्या ठरलेल्या पद्धती) वेगळे आणि नियमही वेगळे, त्यामुळे एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही. पिंगमधून फक्त मधल्या कामाची परीक्षा होते, तीही एका बाजूने. तुमच्या तक्रारी या तीन कप्प्यांत वाटून घेतल्या की अर्धं काम होतं.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवते. माझ्या उत्तराचा शेवट तुमच्या शॉपमध्ये काय जोडलंय यावर अवलंबून आहे. खाली नुसते दोन-चार पीसी असतील तर उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. पण सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या मशीनचे) कंट्रोलर किंवा जुन्या विंडोजवर चालणारी मशीन्स नेटवर्कवर असतील, तर तोच सोपा उपाय मी सुचवणार नाही.

आता तुमचा पिंगचा स्क्रीनशॉट. त्यात १९२.१६८.१.५० कडून रिप्लाय आलाय आणि ओळीच्या शेवटी टीटीएल ६३ आहे. या ६३ कडे बहुतेक जण बघतच नाहीत, पण माझ्या दृष्टीने सगळ्या स्क्रीनशॉटमधली हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे. प्रत्येक पॅकेट टीटीएल नावाचा एक आकडा घेऊन निघतं आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं, म्हणजे चुकून गोल गोल फिरत राहिलेलं पॅकेट कायम फिरत बसत नाही. यंत्रं हा आकडा साधारणपणे ६४, १२८ किंवा २५५ पासून सुरू करतात. तेव्हा ६३ याचा अर्थ प्रिंटरने ६४ ने सुरुवात केली आणि वाटेत एक राउटर लागला. एकाच नेटवर्कमधल्या दोन यंत्रांमध्ये राउटर यायलाच नको. म्हणजे तुमच्याकडे एक नेटवर्क नसून दोन आहेत, आणि खालचा डबा नुसती रेंज वाढवत नाही, तो राउटर म्हणूनच काम करतोय.

जाता जाता पिंगमधला एक सापळा सांगते, कारण इतर कुणी हे वाचून स्वतःच्या ऑफिसात करून बघेल. विंडोजमध्ये कधी कधी ‘रिप्लाय फ्रॉम’ पुढे तुमच्याच पीसीचा पत्ता येतो आणि त्यापुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. शेवटच्या हिशेबात मात्र चार पाठवले, चार मिळाले, लॉस शून्य टक्के असं दिसतं. ते यश नाही. तुमच्याच पीसीने तुम्हाला सांगितलंय की समोरचं यंत्र सापडलं नाही. म्हणून टक्के बघण्याआधी रिप्लाय कुठल्या पत्त्यावरून आला ते बघायचं.

तर दोन नेटवर्क्स. वरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, खालचे १९२.१६८.० ने, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन भाग नेटवर्क ठरवतात. खालचा पीसी, समजा १९२.१६८.०.१२, प्रिंटरला पॅकेट पाठवतो तेव्हा तो आधी एकच प्रश्न विचारतो: हा पत्ता माझ्या नेटवर्कमधला आहे का? असेल तर एआरपी या प्रोटोकॉलने थेट त्या यंत्राचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) विचारून घेतो. नसेल तर पॅकेट डिफॉल्ट गेटवेच्या, म्हणजे बाहेर जायच्या दारावरच्या राउटरच्या, हवाली करतो. इथे पत्ता बाहेरचा आहे, म्हणून पॅकेट खालच्या राउटरकडे जातं. त्या राउटरचं एक तोंड खालच्या नेटवर्कात आहे आणि वॅन पोर्टचं (बाहेरून आलेली केबल लागते त्या खाचेचं) तोंड वरच्या नेटवर्कात, समजा १९२.१६८.१.७ वर. तो नॅट करतो, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून स्वतःचा १९२.१६८.१.७ लावतो. प्रिंटरला वाटतं शेजारच्याच यंत्राने विचारलं, तो तिथेच उत्तर देतो, आणि राउटर ते उत्तर खालच्या पीसीला पोचवतो. म्हणून पिंग होतो.

आता उलट दिशेने बघा. वरचा पीसी बिलिंगसाठी १९२.१६८.०.१२ ला पॅकेट पाठवतो. पत्ता त्याच्या नेटवर्कमधला नाही, म्हणून पॅकेट फायबरच्या डब्याकडे जातं. १९२.१६८.० नावाचं नेटवर्क आपल्याच घरात एका राउटरमागे आहे हे त्या डब्याला कुणी सांगितलेलंच नाही. राउटर आपल्या तक्त्यात सगळ्यात नेमका जुळणारा मार्ग शोधतो आणि काहीच जुळलं नाही तर डिफॉल्ट मार्गाने पाठवतो. डब्याचा डिफॉल्ट मार्ग म्हणजे इंटरनेट कंपनी. म्हणजे वरच्या टेबलावरून खालच्या टेबलासाठी निघालेलं पॅकेट युनिटच्या बाहेरची वाट धरतं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) नुसार खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, इंटरनेटवर त्यांना मार्ग नाही. ते पॅकेट कुठेतरी टाकून दिलं जातं आणि तुमच्या ब्राउझरमध्ये नुसतं चाक फिरत राहतं. पडताळून बघायचं असेल तर वरच्या पीसीवरून १९२.१६८.०.१२ ला ट्रेसर्ट मारा, ही आज्ञा वाटेतले राउटर दाखवते. पहिली ओळ १९२.१६८.१.१ येईल. त्यापुढे कंपनीचा एखादा पत्ता किंवा नुसत्या चांदण्या (*) दिसल्या की पॅकेट बाहेर गेलं असं समजायचं.

ही झाली दुसरी तक्रार, आणि ती शुद्ध राउटिंगची आहे. पहिली तक्रार वेगळ्या कप्प्यातली आहे.

‘ॲड प्रिंटर’वर क्लिक केल्यावर पीसी कुणाला विचारतो? त्याला प्रिंटरचा पत्ता माहीत नसतो, म्हणून तो एका विशिष्ट पत्त्यावर सगळ्यांसाठी मिळून एकच हाक मारतो. अशा हाकेला मल्टिकास्ट म्हणतात. मल्टिकास्ट डीएनएस या प्रोटोकॉलमध्ये हा पत्ता २२४.०.०.२५१ आणि यूडीपी पोर्ट ५३५३ (पोर्ट म्हणजे यंत्रातल्या एकेका प्रोग्रॅमचा नंबर). पेठेतल्या जुन्या वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारली तर सगळ्या खोल्यांतून ऐकू जाते, पण दिंडी दरवाज्याबाहेरच्या बोळात जात नाही, तसं हे आहे. आणि हा दोष नाही, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. २२४.०.० ने सुरू होणारे मल्टिकास्ट पत्ते स्थानिक नेटवर्कापुरतेच राखलेले आहेत आणि राउटरने ते पुढे पाठवायचे नाहीत, मग टीटीएल कितीही असो. मल्टिकास्ट डीएनएसचं पॅकेट २५५ टीटीएल घेऊन निघतं, तरीही ते तुमच्या खालच्या राउटरपाशीच थांबतं. विंडोज यासोबत डब्ल्यूएस-डिस्कव्हरीसुद्धा वापरतं. त्याचा पत्ता २३९.२५५.२५५.२५० आणि पोर्ट ३७०२, पण तीही हाकच, आणि तुमच्या रचनेत तीसुद्धा राउटर ओलांडत नाही.

हाकेला उत्तर कसं येतं हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. वायरशार्क (पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावून ५३५३ चा फिल्टर टाका आणि वरच्याच नेटवर्कवरून प्रिंटर शोधा. आधी प्रश्न दिसेल की आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, बोलणारं इथे कोण आहे. उत्तरात पीटीआर नोंद येते, तिच्यात प्रिंटरचं नाव असतं, तुम्हाला यादीत दिसतं तेच. मग एसआरव्ही नोंद: हे नाव अमुक यंत्रावर, तमुक पोर्टवर आहे, आयपीपीसाठी बहुधा ६३१. टीएक्सटी नोंदीत बारीकसारीक तपशील असतात, जसं कागद दोन्ही बाजूंनी छापतो का, रंगीत आहे का. आणि ए नोंदीत शेवटी तो आयपी पत्ता. म्हणजे ‘अशी सेवा कोण देतं’ पासून ‘या पत्त्यावर, या पोर्टवर जा’ इथपर्यंतचा प्रवास चार नोंदींत होतो. मल्टिकास्ट डीएनएस आणि या नोंदींची पद्धत असे दोन्ही दस्तऐवज २०१३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले, आरएफसी ६७६२ आणि ६७६३. नोंदी नावावरून पत्ता सांगणाऱ्या साध्या डीएनएसच्याच आहेत, म्हणून मोठ्या संस्थांमध्ये त्या नेहमीच्या डीएनएस सर्व्हरवरही ठेवता येतात. तिथे हाक मारायची गरजच उरत नाही.

याच नोंदींमुळे अजून एक गोंधळ होतो. प्रत्येक नोंदीला वैधतेची मुदत असते. आरएफसीच्या शिफारशीप्रमाणे यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींना १२० सेकंद आणि बाकीच्यांना ७५ मिनिटं. प्रिंटर नीट बंद केला तर तो जाताना निरोपाचं पॅकेट पाठवतो. पण लाईटच गेली तर तो निरोप जात नाही, आणि नाव यादीत बराच वेळ लटकत राहू शकतं. यादीत नाव दिसतंय म्हणजे प्रिंटर चालू आहे, हे त्यामुळे गृहीत धरू नका.

आता त्या स्विचबद्दल. लेअर थ्री स्विच दोन नेटवर्कांमध्ये राउटिंग करतो, म्हणजे तुमच्याकडे खालचा राउटर जे अर्धवट करतोय ते तो नीट करेल. बिलिंग सुटेल. पण प्रिंटरची हाक तोही पुढे पाठवणार नाही, कारण नियम त्यालाही लागू आहे. त्यासाठी मल्टिकास्ट डीएनएसचा गेटवे किंवा रिफ्लेक्टर, म्हणजे हाक पलीकडे पोचवणारी सोय, वेगळा चालू करावा लागतो. ही सोय काही स्विचमध्ये असते, काहींत नसते. व्हेंडरला हा एक प्रश्न विचारा. तो उत्तर कसं देतो यावरूनच त्याने तुमची तक्रार नीट ऐकली होती का ते कळेल.

मोबाईलचं कोडं आता सुटलंच. दोन्ही वाय-फायची नावं एक असल्याने फोन जिन्यात असताना कधी वरच्याला चिकटतो, कधी खालच्याला. वरच्यावर असेल तर हाक प्रिंटरपर्यंत जाते, खालच्यावर असेल तर नाही. दोन वेगवेगळ्या नेटवर्कांना एकच नाव देणं मला कधीच पटलेलं नाही. एकच नाव द्यायचं तर आतून नेटवर्कही एकच हवं. त्यात वाय-फायवर मल्टिकास्टच्या फ्रेम मिळाल्याची पोच दिली जात नाही, त्यामुळे गर्दीत एखादी हाक हवेतच विरते. म्हणून एकदा सापडला नाही तर पुन्हा शोधल्यावर सापडतो, हेही होतं.

गुरुवारचा प्रकार पत्ते बदलण्याचा असावा असा माझा दाट संशय आहे. प्रिंटरला आणि खालच्या राउटरच्या वॅन पोर्टला वरचा डबा डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, पत्ता देतो. लाईट गेली की सगळी यंत्रं एकदम उठतात, डब्याने आधी कुणाला काय दिलं होतं ते विसरलेलं असू शकतं, आणि प्रिंटरचा १.५० हा पत्ता दुसऱ्याच फोनला मिळालेला असतो. पीसीमध्ये मात्र १.५० च लिहिलेलं राहतं. यावर डीएचसीपी रिझर्व्हेशन हाच उपाय आहे. डब्याच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता आणि १९२.१६८.१.५० यांची जोडी लावून टाका. प्रिंटरच्या पॅनेलवर हाताने पत्ता टाकण्यापेक्षा मी हे पसंत करते, कारण सगळ्या जोड्या एकाच पानावर बघायला मिळतात आणि दोन यंत्रांना एकच पत्ता चुकूनही दिला जात नाही.

तर प्रत्यक्षात काय करायचं? खाली फक्त पीसी आणि फोन असतील तर खालच्या डब्याचं राउटरपण काढून घ्या. काही मॉडेलमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (राउटिंग न करता नुसतं वाय-फाय देणं) नावाचा तयार पर्याय असतो, तो चालू केला की झालं. नसेल तर हाताने करा, पण क्रम पाळा. खालच्या राउटरला लॅपटॉप केबलने जोडा. आधी त्याचा लॅन (आतल्या नेटवर्कचा) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे वरच्या डब्याच्या १.१ शी तो भांडणार नाही. वरच्या डब्याच्या डीएचसीपी वाटपात १.२ येत नाही ना हेही बघून घ्या, येत असेल तर वाटप थोडं पुढून सुरू करा. लॅपटॉप पुन्हा जोडून नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि मग खालच्या राउटरचा डीएचसीपी बंद करा. सगळ्यात शेवटी वरून आलेली केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये घाला. डीएचसीपी बंद न करताच केबल हलवली तर एका नेटवर्कात दोन डीएचसीपी सर्व्हर होतात. मग ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता यंत्रं घेतात, आणि निम्म्या पीसींचं इंटरनेट जातं, निम्म्यांचं राहतं. हा दोष शोधायला फार त्रास होतो.

केबल बदलायची झालीच तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण शॉपमधल्या ओढाताणीत टिकत नाही.

खाली मशीन्स असतील तर ॲक्सेस पॉइंटचं हे काहीच करू नका. जुन्या विंडोजवरचा कंट्रोलर आणि ऑफिसमधले सगळे फोन एकाच नेटवर्कात आणणं मला मान्य नाही. तिथे राउटर राहू द्या आणि दोन कामं करा. प्रिंटरला रिझर्व्हेशन द्या आणि खालच्या पीसीवर तो शोधत न बसता ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून थेट पत्ता टाकून जोडा. पोचण्याचा मार्ग चालूच आहे, फक्त हाक जात नाही, आणि पत्ता हातात असताना हाकेची गरज नाही. बिलिंगसाठी खालच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग लावा: १९२.१६८.१.७ च्या पोर्ट ८०८० वर आलेलं १९२.१६८.०.१२ च्या ८०८० वर जाऊ दे, किंवा तुमच्या सॉफ्टवेअरचा जो पोर्ट असेल तो. वरून मग १९२.१६८.१.७ हा पत्ता उघडायचा, आणि त्यालाही रिझर्व्हेशन हवं. वरच्या डब्यात १९२.१६८.० साठी १.७ कडे स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) टाकणं हा जास्त स्वच्छ मार्ग आहे, पण त्यासोबत खालच्या राउटरचा नॅट आणि फायरवॉलही सांभाळावा लागतो, आणि इंटरनेट कंपनीच्या बऱ्याच डब्यांमध्ये रूट टाकायचं पान ग्राहकाला उघडत नाही.

यानंतरही बिलिंग उघडलं नाही तर मामला तिसऱ्या कप्प्यातला आहे. टीसीपीमध्ये, म्हणजे जोडणी करून बोलण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, क्लायंट (विचारणारा) सिन (सुरुवातीचं पॅकेट) पाठवतो, सर्व्हर सिन-ॲक, मग क्लायंटचा ॲक. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये हे तीन टप्पे लिहिलेले आहेत आणि आजही तसेच चालतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर सहसा पॅकेट तिथपर्यंत पोचलंय, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर वाटेत कुणीतरी पॅकेट गिळतंय. मात्र विंडोजचा फायरवॉल चालू असेल तर तो बंद पोर्टलाही उत्तर देत नाही, त्यामुळे टाइमआउट म्हणजे राउटिंगचाच दोष असं लगेच ठरवू नका. आणि ब्राउझरमध्ये ४०४ किंवा ४०३ असं काही दिसलं तर नेटवर्कवाल्याला फोन करू नका. सर्व्हरने तुमची विनंती वाचून उत्तर दिलंय, पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्याचा.

सर्व्हरच्या पीसीवर नेटस्टॅट (चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा) चालवून त्या पोर्टपुढे कुठला पत्ता आहे तेही बघा. १२७.०.०.१ असेल तर प्रोग्रॅम फक्त स्वतःच्याच पीसीचं ऐकतोय, राउटर कितीही बदला, बाहेरून उघडणार नाही. तिथे ०.०.०.० किंवा त्या पीसीचा लॅन पत्ता हवा.

ॲक्सेस पॉइंटचा मार्ग घेतलात तर एका गोष्टीकडे आठवणीने लक्ष द्या. खालच्या पीसीचा गेटवे बदलतो, त्यामुळे विंडोजला हे नवीन नेटवर्क वाटतं आणि ते त्याला ‘पब्लिक’ ठरवतं. पब्लिकवर नेटवर्क डिस्कव्हरी बंद असते, आणि बिलिंगला फायरवॉलमध्ये दिलेली परवानगी फक्त ‘प्रायव्हेट’साठी असेल तर तीही लागू होत नाही. सगळं बरोबर केलं तरी काहीच चालत नाही असं वाटेल ते यामुळेच. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल प्रायव्हेट करा, मग प्रिंटर शोधा आणि वरून बिलिंग उघडा. तरीही अडलं तर प्रिंटरच्या पिंगमधला नवा टीटीएल आणि सर्व्हरवरच्या नेटस्टॅटची ती एक ओळ इथे टाका. टीटीएल ६३ चा ६४ झालेला असला पाहिजे.